सोळा पदरांचा हिशेब

घट बसायच्या आधीच्या आठवड्यात कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीच्या वसाहतींचा रंग बदलतो. खिडक्यांच्या ग्रिलवर, गच्चीच्या कठड्यावर, पार्किंगमधल्या दोरीवर गोधड्या चढतात. नवरात्राआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, ही रीत गावाकडून आली आणि सिडकोच्या इमारतींतही टिकली. गावात त्यासाठी नदी, ओढा, विहिरीचा काठ असतो. इथे न्हाणीघर, प्लॅस्टिकचा टब आणि शेजाऱ्याशी दोरीवरून होणारी बोलाचाली. सहा-सात किलोचं धुण्याचं यंत्र जुन्या सुती लुगड्यांच्या गोधडीपुढे बहुधा हात टेकतं. पाणी प्यायलेली गोधडी दोघींनी दोन टोकांना धरून पिळावी लागते.

अशा वाळत घातलेल्या गोधडीवरून संध्याकाळी हात फिरवला की तिची रचना कळते. पोटाचा भाग कोरडा खडखडीत झालेला असतो, पण जिथे चार तुकडे एकत्र येतात तिथे बोटाला ओल लागते. कडा दमट असतात. कोपरे तर दुसऱ्या दिवशीही पुरते वाळलेले नसतात. नवी मुंबईच्या खाडीकाठच्या हवेत ही ओल रेंगाळली की कुबट वास धरते आणि बुरशीचे काळे ठिपके आधी सांध्यांवरच उमटतात. गोधडी फाटते तीही बहुधा तिथेच, कारण उंच आलेली जागा आधी घासली जाते.

कापडाचे तुकडे जोडून पांघरूण करणाऱ्या जगातल्या प्रत्येक बाईला हा जाड सांधा छळत आला आहे. हाताने शिवणारीच्या बोटाला तो टोचतो. यंत्रावर शिवणारीची सुई तिथे मोडते, टाका सुटतो, प्रेसर फूट चढणीला लागल्यासारखं अडतं आणि खालचे दाते कापड पुढे सरकवायचं सोडून एकाच जागी कुरतडत बसतात. पुण्या-मुंबईकडे गेल्या काही वर्षांत हौसेने क्विल्ट शिकणाऱ्यांची संख्या वाढली. नेमक्या मापाचे चौकोन कापून, ते यंत्रावर जोडून, मध्ये कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा थर घालून शिवण्याची ही पाश्चात्त्य पद्धत. तिचं पहिलं नवल ओसरलं की पहिली तक्रार हमखास हीच येते: जोड सपाट बसत नाहीत.

ते का बसत नाहीत, हे पाटी-पेन्सिल घेऊन पाहण्यासारखं आहे. चार चौकोनी तुकडे एका बिंदूपाशी मिळतात असं धरू. प्रत्येक तुकड्याला शिवणीच्या आत पाव इंच माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडलेली आहे. आता त्या बिंदूभोवती पाव-पाव इंचाची चार घरं आखली, तर प्रत्येक तुकड्याचा कोपरा मायेसकट अर्धा इंच लांब आणि अर्धा इंच रुंद भरतो. म्हणजे एकेका तुकड्याचं कापड चार घरं व्यापेल एवढं. तुकडे चार. चार चोक सोळा. चार घरांच्या जागेत सोळा घरांचं कापड बसवायचं आहे, आणि इस्त्री कशीही फिरवली तरी ही बेरीज हलत नाही. हलते ती फक्त वाटणी.

दोन-दोन तुकडे जोडून आधी दोन ओळी केल्या, दोन्ही ओळींची माया एकाच दिशेला दाबली आणि मग ओळी जोडून तीही माया खाली दाबली, तर चार घरांत नऊ, तीन, तीन आणि एक असे पदर पडतात. एका बाजूला नऊ पदरांचा ढीग आणि त्याला कोपरा लावून एकेरी कापड! नवशिक्याच्या हातून नेमकं हेच होतं, कारण सगळी माया एकाच बाजूला दाबणं सोपं असतं. वरच्या ओळीची माया उजवीकडे आणि खालच्या ओळीची डावीकडे दाबली तर सांध्यापाशी त्या एकमेकींना खेटून बसतात. बोटाला ती खाच लागते, टाचणीसुद्धा लावावी लागत नाही, आणि वाटणी होते सात, पाच, तीन, एक. माया दोन्हीकडे फाकवून दाबली तर प्रत्येक घरात चार-चार पदर येतात. चौथी युक्तीही आहे. उभ्या शिवणीचे मायेतले दोन-चार टाके उसवायचे, आणि चारही माया भिरभिऱ्याच्या पात्यांसारख्या एकाच दिशेने फिरवून बसवायच्या. मागून पाहिलं तर मध्यभागी इवलासा चौकोन उघडतो. तिथेही वाटणी चार-चारच.

मग सगळेच जण माया फाकवून का दाबत नाहीत? कारण फाकवलेल्या जोडाखाली आधाराला कापड नसतं. दोन तुकड्यांमध्ये फक्त दोरा उभा असतो, ताण आला की तोच दिसतो आणि तोच तुटतो. आतल्या कापसाचे तंतू त्या फटीतून वर येतात. शिवाय वरून शिवणीच्या खाचेत टीप मारायची असेल तर सुई कापडात न जाता जुन्या दोऱ्यातच शिरते. एका बाजूला दाबलेली माया जाड असते, पण टिकाऊ असते. रोज अंगावर घ्यायच्या आणि महिन्याला धुवायच्या पांघरुणासाठी सात-पाचची वाटणी बरी. भिंतीवर टांगायच्या शोभेच्या वस्तूला चार-चारची चालते. शिकवणीच्या वर्गांत बहुधा एकच नियम सांगितला जातो आणि तिथेच घोळ होतो.

गोधडी करणाऱ्या बायकांनी मात्र हा हिशेब मुळातच वेगळा मांडला. त्या तुकडे आधी एकमेकांना जोडत नाहीत. जमिनीवर, बहुधा देवघराच्या किंवा ओसरीच्या मोकळ्या जागेत, जुनं लुगडं अंथरायचं. आठ-सव्वाआठ मीटरचं नऊवारी घड्या घालून पसरलं की दोन-तीन थर तिथेच होतात. त्यावर दुसरं, फाटलेल्या जागा एकमेकांवर येणार नाहीत अशा बेताने. घड्यांच्या कडा एकीवर एक येऊ द्यायच्या नाहीत, एक इकडे तर दुसरी तिकडे. वरच्या अंगाला ठिगळं: त्यांची एक कड नुसतीच शेजारच्या ठिगळाखाली सरकवलेली, दुसरी दुमडून शेजाऱ्यावर चढवलेली. गवंडी विटांचे सांधे चुकवतो तशी ठिगळंही मागेपुढे बसतात, त्यामुळे चार कोपरे एका बिंदूत येण्याची वेळ क्वचितच येते. मग कडेपासून धावदोरा सुरू होतो तो सगळे थर एकदम पकडत, चौकटीत चौकट करत, आत आत मध्याकडे.

इथेही कापड वाढतंच. दुमडलेली कड म्हणजे दोन पदर आणि खाली सरकवलेल्याचा एक. पण खाली आधीच चार-पाच थर अंथरलेले असतात. पाच थरांच्या अंगावर दोन पदरांची वाढ बोटाला जेमतेम लागते. एकेरी कापडाशेजारी नऊ पदर आले की तो बांध होतो. जाडी सगळीकडे असली की कुठेच टोचत नाही. मापाची पट्टी, फिरतं पातं आणि वाफेची इस्त्री यांपैकी काहीही हाताशी नसताना ही उकल निघाली, याचं कौतुक करताना एक व्यवहारही विसरू नये: त्या बायकांकडे नवं कापड नव्हतंच. जुनं, शेकडो वेळा आपटून धुतलेलं सुती लुगडं इतकं विरविरीत झालेलं असतं की त्याचे दोन पदर नव्या पॉपलिनच्या एका पदराला भारी पडत नाहीत.

याचा कस लागतो तो दुपट्यात. तान्ह्या बाळाच्या पाठीखाली गाठ, जाड शिवण, जरीची कड, यांतलं काहीही चालत नाही. म्हणून दुपट्यासाठी आजीचं सर्वांत मऊ लुगडं राखून ठेवतात, काठ फाडून बाजूला काढतात आणि वरचं कापड शक्यतो अखंड घेतात. नक्षी करायचीच तर ती टाक्यांची करायची. रंगीबेरंगी ठिगळांचं दुपटं फोटोत छान दिसतं. बाळाला त्याचा उपयोग शून्य.

नवी मुंबईत ही विद्या कुठून आली, हे पाहायचं तर मार्केटकडे वळावं लागतं. मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे वाशी-तुर्भ्याला आले आणि त्यांच्यामागोमाग माथाडी कामगार आले. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९चा माथाडी कायदा झाला होता. पुढे या कामगारांच्या वसाहती कोपरखैरणे, घणसोली या भागांत उभ्या राहिल्या. त्यांतली पुष्कळ कुटुंबं सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांच्या डोंगराळ तालुक्यांतली. पाटण-जावळीकडच्या घरांत गोधडीला वाकळ म्हणतात, आणि एस.टी.च्या टपावरून गाठोड्यांत बांधून आलेल्या वाकळा या वसाहतींतल्या दीड खोल्यांत पहिल्यापासून आहेत. दिवसभर पोती वाहणाऱ्या माणसाला रात्री फरशीवर अंथरायला गादीपेक्षा वाकळ सोयीची. सकाळी घडी घालून कोपऱ्यात ठेवली की खोली मोकळी.

याच कुटुंबांत गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत कापड बदललं, आणि जाड सांध्याचा जाच वाढला तो त्यामुळे. नऊवारी गेली, पाचवारी आली; सुती गेली, पॉलिएस्टर आलं. मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला आणि गिरण्यांचं स्वस्त सुती कापड हळूहळू दिसेनासं झालं. त्याआधीच सिंथेटिक साडीने घर गाठलं होतं. न विरणारी, न चुरगळणारी, पटकन वाळणारी म्हणून ती बायकांना आवडली आणि त्यात गैर काहीच नव्हतं. पण हेच गुण गोधडीत अवगुण ठरतात. पॉलिएस्टरची दुमड नखाने दाबली तर बसत नाही, सोडली की उघडते. थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून टाके जवळ घ्यावे लागतात. इस्त्री जास्त तापवली तर कापड आकसतं. कापड वर्षानुवर्षं विरतच नाही, तेव्हा दहा वर्षांनीही सांधा पहिल्या दिवसाइतकाच ताठ. आता मिश्र गोधडी करणाऱ्या जाणत्या बायका आत सिंथेटिक आणि वर-खाली सुती असा मेळ घालतात, आणि दुमड सुती कापडालाच देतात.

खण आणि पैठणीचं प्रकरण वेगळंच. सध्या दिवाळीच्या प्रदर्शनांत खणाच्या तुकड्यांची गोधडी जोरात आहे. गुळेदगुड्डचा खण दिसायला देखणा, पण त्याची विणलेली किनार जाड असते, आणि कापून घेतलेल्या कडेचे धागे सुटतात म्हणून माया जास्त सोडावी लागते. जास्त माया म्हणजे जास्त पदर. जरीचा काठ त्याहून वाईट: तो दुमडला की स्प्रिंगसारखा उठतो, आणि हल्लीच्या बहुतेक साड्यांतली प्लॅस्टिकची जर गरम इस्त्रीखाली सुरकुतते. यावर उपाय एकच, काठाला सांध्यात येऊच द्यायचं नाही. काठ मध्ये सपाट ठेवायचा, त्याच्या कडा दुमडायच्या नाहीत, दोन्ही बाजूंनी साध्या सुती कापडाची पट्टी त्यावर चढवायची. जुन्या गोधड्यांत काठ बाहेरच्या चौकटीला लावलेला दिसतो, तो शोभेसाठी तर खराच. पण कड सर्वांत जास्त झिजते आणि काठाची वीण सर्वांत दणकट असते. जाड वस्तू जिथे जाडी हवी तिथे गेली.

जाडीला मान देण्याचं टोकाचं उदाहरण महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यात सापडतं. यल्लापूर, हळियाळ परिसरातले सिद्दी हे आफ्रिकेतून आणल्या गेलेल्या माणसांचे वंशज. पोर्तुगीजांच्या गोव्यातून निसटून अनेकांनी हे जंगल गाठलं. त्यांची बोली कोकणी-मराठीला जवळची. त्यांच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात तीही कडेपासून मध्याकडे, एकेक तुकडा दुमडून शेजाऱ्यावर चढवत. पण चारही कोपऱ्यांना त्या मुद्दाम ‘फुलं’ लावतात: चौकोनी चिंधी दुमडून, पुन्हा दुमडून केलेले जाड त्रिकोण. ज्या कोपऱ्यातली जाडी कमी करायला इतरांची धडपड चालते, तिथे सिद्दी बाई आणखी चार पदर चढवते. फुलांवाचून कवंदी पुरी झाली असं ती मानत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले कला-इतिहासकार हेन्री ड्र्यूअल यांनी या कामाचा अभ्यास केला आणि २००४मध्ये सिद्दी बायकांची सहकारी संस्था उभी राहायला मदत केली. त्यानंतर कवंद्या परदेशी संग्रहालयांत पोचल्या, तेव्हा पाहणाऱ्यांची नजर आधी कोपऱ्यांकडेच जायची यात नवल नाही.

हाताने तुकडे जोडणाऱ्यांना एक सवलत असते जी यंत्राला मिळत नाही. यंत्राची टीप कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि वाटेत आलेल्या मायेला खिळवून टाकते. हाताने शिवणारी बिंदूपाशी थांबते, सुई मायेच्या मुळाशी पलीकडे घालते आणि पुढे निघते. माया मोकळीच राहते, नंतर हवी तिकडे वळवता येते. आठ टोकं एका बिंदूत आणणारा तारा यंत्रावर शिवताना मध्यभागी बटणासारखा गोळा येतो. हाताने केलेला तारा त्या मानाने सपाट पडतो. कोरियातल्या पोजागी या जोडकापडाच्या अस्तर नसलेल्या प्रकारात तर मायाच मायेत गुंडाळून चपटी शिवतात, म्हणजे उलट-सुलट दोन्ही बाजू सारख्या दिसतात. तिथे लपवायला जागाच नसते.

दाबण्याचंही एक शास्त्र आहे. इस्त्री पुढे-मागे घासली की चौकोन तिरका होतो. ती उचलून ठेवायची, पुन्हा उचलून ठेवायची. वाफ दिल्यावर लगेच वर लाकडी ठोकळा दाबून धरला तर लाकूड वाफ शोषून घेतं आणि कापड दाबाखालीच थंड होतं. घडी थंड होताना बसते, गरम असताना नव्हे. परदेशात या ठोकळ्याला बरेच पैसे पडतात. आपल्या घरात जेवणाचा जुना पाट तेच काम करतो. पूर्वी तांब्यात निखारे घालून कपड्यांना इस्त्री करणाऱ्यांना आणि घडी गादीखाली ठेवून झोपणाऱ्यांना हे सांगायची गरज नव्हती. फार हट्टी सांधा असेल तर वर कापड ठेवून हलकी हातोडी मारतात. माया पायरीने कापण्याचीही रीत आहे: एक पदर पाव इंच, त्याखालचा त्याच्या निम्मा, म्हणजे सगळ्या कडा एकाच रेषेत संपत नाहीत आणि वरून धार जाणवत नाही. मात्र विरलेल्या कापडाची माया कापू नये. एका धुण्यात शिवण उघडी पडते.

आणि मग जीन्स. नवी मुंबईत घरोघरी जुन्या जीन्सचा साठा असतो आणि त्याचं पांघरूण करावं असं प्रत्येकाला कधी ना कधी वाटतं. गोधडीचा सगळा अनुभव इथे अपुरा पडतो. जीन्सच्या पायाची बाहेरची किंवा आतली एक शिवण मुळातच एकात एक गुंतवलेल्या चार पदरांची असते. ती शिवण तुकड्यात ठेवून असे दोन तुकडे जोडले आणि शिवणीवर शिवण आली, तर सुईखाली एकदम आठ पदर डेनिम येतं आणि माया दाबली की त्याहून जास्त. साधी १४ नंबरची सुई तिथे वाकते. १६ किंवा १८ नंबर लागते, टाका लांब ठेवावा लागतो. मूळ शिवण वगळून तुकडे कापले तर निम्मा त्रास संपतो. शिवण हवीच असेल तर ती तुकड्याच्या मधोमध येईल असं कापायचं, कडेला कधीच नाही. डेनिमच्या तुकड्यांच्या उलट बाजू एकमेकींवर ठेवून माया मुद्दाम वरच्या बाजूला काढणारेही आहेत. धुण्यात त्या कडा पिंजून झालर होते आणि पाठीला काही लागत नाही.

फार जड तुकडे जोडायचे तर शिवणच टाळावी, असं ठरवलेलं मोठं उदाहरण अमेरिकेतलं. एड्सने गेलेल्या माणसांच्या आठवणीत १९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोतून सुरू झालेल्या गोधडीचा एकेक तुकडा तीन फूट बाय सहा फुटांचा. कुणी त्यात जीन्स शिवली, कुणी चामड्याचं जाकीट, कुणी खेळणी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या मैदानावर ती पसरली तेव्हा १,९२० तुकडे होते. आठ तुकडे मिळून बारा फुटांचा चौकोन होतो, त्याला कडेने कॅनव्हासची पट्टी आणि धातूची छिद्रं. चौकोन एकमेकांना शिवलेच जात नाहीत, त्या छिद्रांतून बांधले जातात. सगळी जाडी एका सांध्यात कोंबण्याऐवजी तो सांधाच सुटा ठेवला.

सीबीडी बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये देशभरातले कारागीर येऊन आपला माल मांडतात. तिथे पांघरुणाच्या मांडवात गिऱ्हाईक दोन प्रकारचं दिसतं. एक रंग पाहून भाव विचारतं. दुसरं, बहुधा साठीच्या पुढचं, काही न बोलता पांघरूण उलटं करतं आणि तळवा आडवा फिरवतं. हात कुठे अडखळला की तिथे थांबून बोटांनी सांधा चिमटीत धरतं. यंत्रावर घाईने केलेला माल या चिमटीत सापडतो, कारण वरून चौकोनांची टोकं कितीही नेमकी जुळलेली असली तरी नऊ पदरांचा ढीग लपत नाही.

घरी करणाऱ्यांनी जाड सांध्यापाशी यंत्राचा वेग तोडावा आणि चाक हाताने फिरवावं. प्रेसर फूट तिरपं झालं की त्याच्या मागच्या बाजूखाली तेवढ्याच जाडीचा पुठ्ठा किंवा घडी घातलेली चिंधी सरकवावी. फूट आडवं झालं की दाते पुन्हा कापड ओढू लागतात. एवढ्यानेही सुई जात नसेल तर आल्टरेशनवाले शिंपी काम परत करतात आणि गाड्यांचे सीट-कव्हर शिवणाऱ्यांकडे पाठवतात. त्यांच्या यंत्राचं फूट सुईबरोबर चालतं, रेक्झिन आणि फोम ज्या सहजतेने जातं त्याच सहजतेने डेनिमचा कोपराही जातो. फक्त तिथली सुई जाड, तिची भोकं मोठी, आणि जुन्या सुती कापडात ती भोकं पुढे फाटत जातात. म्हणून तिथून बाहेरची कड तेवढी मारून आणायची आणि आतले सांधे दाभण, जाड दोरा आणि अंगुस्तान घेऊन घरी बसून करायचे. एका कोपऱ्याला अर्धा तास जातो, आणि सुई ओढायला पक्कड जवळ ठेवलेली बरी.